बंबाची निवलेली राख आणि केर ओढणारें यंत्र

सोलापूर जिल्ह्यांत बहुतेक घरीं गॅसची शेगडी आली, तरी पाण्याचा बंब कांहीं अजून मोडींत निघाला नाहीं. तुरीच्या तुराट्या, पऱ्हाट्या आणि बांधावरची बाभूळ हें सर्पण शेतकऱ्यास घरचेंच आहे. तें टाकून विकतची वीज कोण जाळील? मात्र बंबाखालची राख उपसणें कोणासच आवडत नाहीं, आणि त्यामुळें विजेवर केर ओढणारें यंत्र, ज्यास व्हॅक्यूम क्लीनर म्हणतात, तें या कामीं लावण्याचा मोह होतो. आम्हांसही तो झाला. त्याचा परिणाम काय झाला तो प्रथम सांगतों.

गेल्या थंडींत एका सायंकाळीं बंब विझला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्हीं राखेवर हात ठेवून पाहिला. राख थंडगार होती. यंत्राची नळी आंत घातली. पांचसात मिनिटांत कापड करपल्याचा वास सुटला. यंत्र थांबवून, विजेची तार काढून पिशवी उघडतों, तों तिला रुपयाएवढें भोंक पडलेलें व आंतला केरकापूस धुमसत असलेला! अंगणांत नेऊन बादलीभर पाणी ओतलें तेव्हां तो शमला. शिवाय शेजारच्या माजघरांत उघड्या ठेवलेल्या ज्वारीवर राखेचा पातळ थर बसला होता, हें घरच्या मंडळींनीं आमच्या निदर्शनास आणिलें तें वेगळेंच.

वस्तुतः यांत नवल कांहींच नाहीं. पूर्वीं काडेपेटी जपून वापरण्याच्या काळीं घरच्या बायका रात्रीं चुलींतले निखारे राखेंत पुरून ठेवीत व पहांटे फुंकून पुन्हां जाळ करीत. राख निखाऱ्याची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं आणि हवाही बेताचीच आंत सोडते. म्हणून वरची राख हातास गार लागते आणि आंत विस्तव जागा असतो. तुराटीची राख लौकर निवते. बाभळीसारख्या जड लाकडाचा कोळसा मात्र फार टिकतो. निखारा चार दिवसपर्यंत जिवंत राहूं शकतो असें परदेशांतील अग्निशामक खातीं बजावीत असतात. अशा निखाऱ्यावरून यंत्र जोरानें हवा ओढतें, म्हणजे लोहाराच्या भात्याचेंच काम करितें. आणि तो फुललेला निखारा नेऊन टाकतें कोठें, तर कागद, केस व कापूस यांनीं भरलेल्या पिशवींत!

दुसरी अडचण राखेच्या बारीकपणाची. सन १९०१ मध्यें ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनीं लंडनांत हें यंत्र प्रथम चालविलें तें गालिच्यांची धूळ काढण्यासाठीं. राखेचा विचार त्यांत नव्हता. साध्या पिशवींतून राखेचा सूक्ष्म कण पार होऊन यंत्राच्या मागच्या बाजूनें पुन्हां खोलींत येतो. ०.३ मायक्रॉनचे कण शेंकडा ९९.९७ अडविणारी हेपा नांवाची गाळणी मिळते खरी, पण राखेनें ती लौकरच तुंबते. राखेंत चुना व पोटॅश यांचे क्षार असल्यामुळें ती नाकाघशास झोंबते, आणि दमट हवेंत धातूही खाते. लोखंडी पिंपाचें, धातूच्या नळीचें व सहसा न जळणाऱ्या गाळणीचें निराळें राखयंत्र येतें. परंतु तेंही पूर्ण निवलेल्या राखेसाठींच होय. तें नसेल तर घरच्या यंत्रास राख दाखवूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

राख लोखंडी खोऱ्यानें पत्र्याच्या डब्यांत काढावी, झांकण घट्ट बसवावें व डबा उघड्यावर शहाबादी फरशीवर ठेवावा. घरांत ठेवूं नये. कारण धुमसत्या कोळशाचा वायु विषारी असून त्यास वास नसतो. ज्यास घाई असेल त्यानें पाणी शिंपडून सळईनें राख ढवळावी व पुन्हां शिंपडावें. तोंड मात्र दूर ठेवावें, वाफेबरोबर राख उसळते. ओली केलेली राख राखयंत्रानेंही ओढूं नये. तिचा गिलावा होऊन नळी बसते.

खरी भीति आहे ती गंजीची. फाल्गुनाच्या सुमारास मालदांडीचा कडबा रचून होतो, उन्हें तापूं लागतात, वारा सुटतो, आणि उकिरडा पुष्कळदां गंजीच्या शेजारींच असतो. सकाळीं टाकलेली ‘गार’ राख दुपारच्या वाऱ्यानें उघडी पडली कीं जनावरांची वर्षाची वैरण घटकेंत जाते. उकिरड्यावर राख टाकण्यांत आणखीही तोटा आहे. ताज्या शेणामुताशीं ती मिसळली म्हणजे अमोनिया वायु उडून जातो व खतांतील नत्र घटतें. आपल्याकडील काळी जमीन बहुधा मुळांतच चुनखडीची. चोपण जमिनींत तर राख घालूंच नये. भाजीवर मावा पडला असतां चाळलेली राख पानांवर धुरळावी, बियाण्याच्या कडधान्यांत मिसळावी, उरली तर भांडीं घांसावीं. आमच्या घरीं आतां तेलाचे दोन जुने डबे या कामीं ठेविले आहेत. एक भरत असतो तोंवर दुसरा गंजीपासून लांब, विहिरीच्या बाजूस निवत पडलेला असतो, आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं तो रिकामा होतो.