तीन म्हणी, तीन वाद आणि एक मोती

आपल्या मंडळात मागे म्हणींवर चर्चा झाली, तेव्हा कुणीतरी सहज म्हणालं, "भुंकणारं कुत्रं चावत नाही." सगळे पुढच्या म्हणीकडं वळले. मी मात्र तिथंच अडकले. कारण आमच्या घरचा मोती ज्या दिवशी चावला, त्या दिवशी तो भुंकलाही नव्हता आणि गुरगुरलाही नव्हता.

मोती आमच्याकडं आला तेव्हा जेमतेम महिन्याचा होता. गावठी कुत्र्याचं पिल्लू. ताटलीजवळ कुणी गेलं की तो गुरगुरायचा. बाबा वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला एक फटका द्यायचे. "ज्या हाताचं खातो त्याच्यावरच गुरगुरतो म्हणजे काय!" दोनेक वर्षांत गुरगुरणं बंद झालं आणि आम्हाला वाटलं, वळण लागलं. मग एका दिवाळीत आत्याचा सहा वर्षांचा मुलगा खेळता खेळता त्याच्या ताटलीपाशी गेला. आवाज नाही, काही नाही, थेट हाताला चावा.

त्या रात्री घरात जो वाद झाला तो कुत्री पाळणाऱ्या बहुतेक घरांत कधी ना कधी होतो. मोठे काका म्हणाले, "लांब कुठंतरी सोडून या." आजी म्हणाली, "मुकं जनावर आहे की रे ते." ओळखीतले एक प्रशिक्षक म्हणाले, "घरातला मालक कोण ते त्याला कळलेलं नाही, अजून कडक व्हा." आणि जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "तुम्ही त्याची गुरगुर बंद केलीत, भीती नाही बंद केलीत." त्या एका वाक्यामुळं मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. तो इथं तीन म्हणींच्या आधारानं मांडते.

पहिली म्हण: भुंकणारं कुत्रं चावत नाही

म्हण माणसांबद्दल आहे हे मान्य. पण कुत्र्यांबद्दल ती खरी धरली तर धोका आहे. भुंकणं आणि गुरगुरणं ही कुत्र्याची भाषा आहे, आणि चावा हा त्या भाषेतला सहसा शेवटचा शब्द असतो. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्यक बाईंनी याची 'आक्रमकतेची शिडी' मांडली आहे. खालच्या पायऱ्यांवर जांभई देणं, नाक चाटणं, तोंड फिरवणं. मग बाजूला सरकणं, शेपूट पोटाशी घेणं, अंग ताठ करून रोखून बघणं. मग गुरगुर, मग हवेत दात मारणं, आणि सगळ्यात वर चावा. खालच्या पायरीवर कुणी ऐकलं नाही तर कुत्रं वर चढतं. गुरगुरल्याबद्दल मार बसत गेला तर ते ती पायरी गाळायला शिकतं. आमच्या मोतीनं नेमकं हेच केलं.

मग माराची, धाकाची पद्धत इतकी रुजली कशी? त्यामागं एक जुनी समजूत आहे. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकानं 1947 मध्ये बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लेख लिहिला. बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या त्या लांडग्यांत वरच्या जागेसाठी झुंजी व्हायच्या. पुढं डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या 1970 मधल्या 'द वुल्फ' या पुस्तकामुळं कळपाचा म्होरक्या, म्हणजे 'अल्फा', ही कल्पना घराघरांत पोचली. कुत्रा लांडग्याचा वंशज, म्हणून मालकानं 'अल्फा' व्हावं, असा हिशेब बसला. पण मेकनी नंतर कॅनडातल्या एल्समिअर बेटावर रानातले लांडगे वर्षानुवर्षं जवळून पाहिले. तिथला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. म्होरकेपण झुंजून मिळवलेलं नव्हतं, आईबापपणातून आलेलं होतं. 1999 मध्ये त्यांनी हे लिहून मांडलं आणि आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून प्रकाशकांच्या मागंही लागले.

दुसरं उदाहरण आपल्या कॉलेजच्या वाचकांना विशेष वाटेल. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातले ख्रिस्ती संन्यासी जर्मन शेफर्ड कुत्री वाढवतात. त्यांचं 1978 मधलं पुस्तक फार गाजलं. चुकलेल्या कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरायचं, असा एक उपाय त्यात होता. 2002 च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी तो मागं घेतला. स्वतःच्याच गाजलेल्या पुस्तकातली चूक छापील शब्दांत कबूल करणं सोपं नसतं.

आता पुरावा काय सांगतो ते बघू. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हेरॉन, शोफर आणि राइझनर यांनी 2009 मध्ये 140 मालकांकडून माहिती घेतली. मारणं, लाथ घालणं, उताणं पाडणं, डोळे वटारणं असे उपाय केल्यावर किमान चौथाई कुत्री उलट अंगावर आली होती. पोर्तुगालमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या 92 कुत्र्यांच्या अभ्यासात, झटके आणि शिक्षा वापरणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली. अर्थात एक शंका रास्त आहे. पहिल्या अभ्यासातले मालक आधीच तक्रार घेऊन दवाखान्यात आलेले होते. तेव्हा मारामुळं कुत्रं बिघडलं, की बिघडलेलं होतं म्हणून मार बसला? एका अभ्यासानं याचं उत्तर मिळत नाही. पण मारामुळं ते सुधारलं असंही त्यातून दिसत नाही, हे महत्त्वाचं.

धाकवाल्यांचं एक म्हणणं मात्र मला पटतं. नुसते लाड म्हणजे शिकवण नव्हे. कॅरेन प्रायर या मूळच्या डॉल्फिन शिकवणाऱ्या बाई. त्यांच्या 1984 मधल्या 'डोन्ट शूट द डॉग' या पुस्तकानं बक्षिसाची पद्धत सर्वत्र नेली. पण त्या पद्धतीतही शिस्त आहे, आणि ती मालकाच्या वाट्याला जास्त येते. हवं ते वागणं घडलं की त्याच क्षणी बक्षीस. नको त्या वागण्याला काहीच मिळणार नाही, अशी व्यवस्था. घरात सगळ्यांचा नियम एकच. बाबा सोफ्यावरून हाकलतात आणि ताई वर बोलावते, अशा घरात कुठलीच पद्धत चालत नाही.

दुसरी म्हण: कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच

म्हणजे स्वभाव बदलत नाही. इथं दुसरा वाद सुरू होतो. जात महत्त्वाची की जोपासना?

आपल्या बेळगावच्या शेजारचं उदाहरण घ्या. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे घोरपडे या मराठा घराण्याचं संस्थान, आणि तिथलं शिकारी कुत्रं म्हणजे मुधोळ हाउंड. 2005 मध्ये त्याचं टपाल तिकीटही निघालं. नजरेनं सावज हेरायचं आणि वाऱ्यासारखं धावून गाठायचं, याच कामासाठी पिढ्यानपिढ्या निवडलेली ही जात. असं कुत्रं समोर पळणाऱ्या सशामागं किंवा मांजरामागं धावलं तर तो त्याचा गुन्हा नाही. मारून ते जाणार नाही. त्याला दोरीवर फिरवणं आणि कुंपणाच्या आत रोज भरपूर पळू देणं हाच मार्ग. इथं म्हणीत तथ्य आहे.

पण कुत्र्याचा सगळा स्वभाव जातीवरून ओळखता येतो का? 'सायन्स' या नियतकालिकात एप्रिल 2022 मध्ये एक मोठा अभ्यास आला. 18,000 हून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती आणि 2,000 हून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक दिसतो, त्यातला सुमारे 9 टक्केच फरक जातीनं समजावता आला. म्हणजे 'ही जात शांत' किंवा 'ही जात तापट' या भरवशावर घरात पिल्लू आणणं, किंवा शेजाऱ्याच्या कुत्र्याला नावं ठेवणं, दोन्ही कच्चं काम. पण एक गोष्ट विसरू नये. चावण्याची शक्यता जातीवरून नीट सांगता आली नाही तरी चाव्यानं होणारी इजा जबड्यावर आणि वजनावर ठरते. पाच किलोच्या कुत्र्याची चूक आणि पन्नास किलोच्या कुत्र्याची चूक सारखी नसते. म्हणून मोठं कुत्रं पाळणाऱ्याची जबाबदारी मोठी.

जोपासनेत सगळ्यात नाजूक काळ पहिल्या तीन महिन्यांचा. स्कॉट आणि फुलर यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यात अनेक वर्षं पिल्लं अभ्यासून 1965 मध्ये पुस्तक लिहिलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू 'आपलं कोण' हे शिकतं, असं त्यांनी दाखवलं. त्याआधी, 1961 मधल्या एका प्रयोगात, चौदा आठवडे माणूसच न दिसलेली पिल्लं पुढं माणसाजवळ यायला तयार होईनात.

आपल्याकडं नेमकी इथंच पंचाईत होते. सगळ्या लसी होईपर्यंत पिल्लाला बाहेर काढू नका, असं सांगतात, आणि पार्व्होसारख्या रोगाची भीती खरीच आहे. पण तोवर तो नाजूक काळ संपून जातो. अमेरिकेतल्या पशुवर्तन डॉक्टरांच्या संघटनेचं मत असं, की पहिल्या लशीनंतर, स्वच्छ जागी, सात-आठ आठवड्यांपासून ओळखी करून द्याव्यात. आपण एवढं तरी करू शकतो: पिल्लाला कडेवर घेऊन गल्लीत फिरवा. रिक्षाचा आवाज, छत्री, शाळेतून सुटलेली मुलं, काठी टेकत जाणारे आजोबा, हे सगळं त्याला लांबून आणि मजेत दिसू दे.

तिसरी म्हण: चोर सोडून संन्याशाला फाशी

तिसरा वाद कायद्याचा. 12 मार्च 2024 रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना परिपत्रक पाठवलं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो अशा 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी, आणि आधीपासून पाळलेल्यांची नसबंदी करावी. महिन्याच्या आत, 10 एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकूनच घेतलेलं नव्हतं, हे त्यामागचं एक मुख्य कारण.

बाहेरच्या देशांतही हा वाद जुना आहे. ब्रिटननं 1991 च्या कायद्यानं पिटबुलसह चार प्रकारांवर बंदी घातली आणि 2023 मध्ये त्यात एक्सएल बुलीची भर घातली. नेदरलँड्सनं 1993 मध्ये घातलेली पिटबुलबंदी 2008 मध्ये उठवली, कारण चावे कमी झाले नव्हते. ज्यांच्या लेकराला अशा कुत्र्यानं फाडलं त्यांचा राग मला समजतो. त्यांच्यापुढं टक्केवारी मांडणं निर्दयपणाचं ठरेल. पण नुसत्या यादीनं एवढंच होतं, की यादीबाहेरच्या कुत्र्याचा मालक निर्धास्त होतो. आमचा मोती कुठल्याच यादीत नव्हता.

मग चोर कोण? आपल्या कायद्यात याचं उत्तर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणं, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला अवाजवी वेळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं बांधून ठेवणं हाही गुन्हा आहे. ही दोन कलमं जोडून वाचावीत. दिवसभर साखळीला बांधलेलं, कुणाशी ओळख नसलेलं कुत्रं साखळी तुटल्यावर काय करेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

तर मग करायचं काय?

आधी जीव वाचवणारी गोष्ट. कुत्रं चावलं किंवा ओरखडलं, मग ते घरचं असो की रस्त्यावरचं, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर वाचतो. पाळलेल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यापासून रेबीजची लस आणि नंतर डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस चुकवू नयेत.

दुसरं, गुरगुर ऐकायची. कुत्रं गुरगुरलं की थांबा, मागं सरका आणि कारण शोधा. अचानक चिडचिड सुरू झाली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. कानाचं किंवा सांध्यांचं दुखणं असलं तरी कुत्रं तसंच वागतं.

तिसरं, लहान मूल आणि कुत्रं यांना मोठ्या माणसाशिवाय एकत्र सोडायचं नाही, कुत्रं कितीही गरीब असलं तरी. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लं पाजणाऱ्या कुत्र्याजवळ जायचं नाही, हे मुलांनाही शिकवावं लागतं.

मोती अजून आमच्याकडं आहे. त्याची ताटली आता मागच्या खोलीत, दार लावून. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बाबा रोज लांबून जाता जाता त्याच्या ताटलीकडं चिकनचा एखादा तुकडा टाकायचे आणि पुढं निघून जायचे. हळूहळू अंतर कमी केलं. पाच महिन्यांनी मोती बाबांना येताना बघून शेपूट हलवू लागला. हे काम मोठ्या माणसाचंच, मुलांचं नव्हे. आत्याचा मुलगा आमच्याकडं येतो, पण मोती दिसला की अजून आजीच्या पदरामागं जातो. ते कधी भरून निघेल का, सांगता येत नाही. बाबा एकदाच म्हणाले, "तो दोन वर्षं सांगत होता, मीच ऐकलं नाही."

कॅथलिक बायबलमधल्या तोबीतच्या पुस्तकात तोबियाच्या लांबच्या प्रवासात एक कुत्रं सोबत चालतं. महाभारतात युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. दोन्हीकडं कुत्रं एक शब्दही बोलत नाही. त्याचं म्हणणं समजून घेण्याचं काम सोबतच्या माणसावरच येतं.

चर्चेसाठी प्रश्न

1. कुत्र्यावरच्या आणखी पाच मराठी म्हणी किंवा वाक्प्रचार गोळा करा. त्यांतले कुत्र्याच्या खऱ्या वागण्याशी जुळणारे किती, आणि माणसाच्या मनातल्या तिरस्कारातून आलेले किती?
2. 'वळण', 'धाक', 'शिस्त' आणि 'लाड' या चार शब्दांच्या अर्थांतला फरक घरातल्या एकेका प्रसंगावरून स्पष्ट करा.
3. जातीवर बंदी की मालकावर जबाबदारी? दोन गट करून वाद घाला, पण प्रत्येक गटानं सुरुवात समोरच्या गटाच्या सगळ्यात बळकट मुद्द्यापासून करावी.