पणजीचं नाव काय? लढाईचे कागद, चर्चची रजिस्टरं आणि आपण

एक छोटीशी व्हायवा घेऊ या. तुमच्या आजोबांच्या वडिलांचं नाव सांगा. जमलं? छान. आता त्यांच्या आईचं नाव सांगा. इथे मात्र आपल्यापैकी बहुतेकांची विकेट पडते. थर्मोडायनॅमिक्सचे नियम तोंडपाठ, पण चार पिढ्यांमागचं आपलंच घर कोरं!

खरं तर आपला भाग या बाबतीत श्रीमंत आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२४ साली संपादित केलेली 'महिकावतीची बखर' ही उत्तर कोकणातल्या कुळांची हकिगत आहे आणि तिचं नाव माहीमवरूनच आलं आहे. पण बखरीत राजे आणि मानाची कुळं भेटतात. होडीवर गेलेला, पलटणीत भरती झालेला किंवा वाडीत पाणी शिंपणारा आपला पणजोबा तिथे सापडत नाही. तो शोधायचा तर साधे कागद चाळावे लागतात. ते कुठे असतात आणि कसे वाचायचे, ते पाहू.

पहिला धडा : सुरुवात घरातून

कोणत्याही ऑफिसात जाण्याआधी घरातली जुनी पेटी उघडा. शाळेचा दाखला, पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा कागद, लग्नपत्रिका, फोटोच्या मागे लिहिलेली ओळ, सगळं बाहेर काढा. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बसा. 'जन्म कधी झाला?' असं विचारू नका, उत्तर मिळणार नाही. 'लढाई चालू होती तेव्हा तुम्ही केवढे होता? रेशन होतं का? गोदीत स्फोट झाला तेव्हा लग्न झालं होतं का?' असं विचारा. मुंबई गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. एका आठवणीवरून तारीख बांधता येते ती अशी.

दुसरा धडा : लढाईवर गेलेला माणूस

पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या आसपास भारतीय परदेशी गेले, दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य पंचवीस लाखांवर पोहोचलं. त्यामुळे 'आमचे एक आजोबा बसऱ्याला गेले होते' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ऐकू येतं. बसरा म्हणजे आजचा इराक. तिथे कुत-अल-अमारा इथे १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या. अन्न संपलं आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्याला शरणागती पत्करावी लागली. पुढच्या कैदेत फार माणसं मेली.

शोधाचा पहिला धागा म्हणजे मेडल. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या लोकांना बिननावाची पदकं दिली, पण भारतीय सैन्याच्या पदकांवर नावं घातली गेली. म्हणून घरात मेडल असेल तर ते चिंच आणि राख लावून घासू नका. भिंग घेऊन कड वाचा. चकाकीपेक्षा तो नंबर मोलाचा आहे.

नंबर मिळाला की पलटण ओळखायची. इथे एक गोम आहे. १९२२ साली पलटणींची फेररचना झाली आणि वर सांगितलेल्या तिन्ही पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटच्या बटालियन झाल्या. जुनं नाव आणि नवं नाव यांची सांगड घातली नाही, तर एकच माणूस दोन वाटतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. चौकशीचं पत्र नंबर आणि पलटण लिहूनच पाठवावं. नुसतं नाव कळवून उपयोग नाही.

माणूस लढाईत गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट पाहता येते. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. दर्यावर्दी घरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. व्यापारी जहाजांवर मेलेल्या खलाशांची यादी वेगळी आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे.

आणि एक कडू सत्य. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा घातला गेला. आपल्या कामात असा भेदभाव झाल्याचं त्या कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल काढून मान्य केलं. दगडावर नाव नाही म्हणजे माणूस गेलाच नव्हता, असं समजू नका. यादी बघा.

तिसरा धडा : चर्चचं रजिस्टर

माहीम, केळवे, तारापूर हा किनारा १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. वसई भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चची रजिस्टरं हा मोठा ठेवा आहे. बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंद ठेवण्याचा नियम १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घातला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचं नाव, तारीख, आई-वडील, धर्मपिता, धर्ममाता आणि फादरची सही असते. जुनी भाषा पोर्तुगीज किंवा लॅटिन, नंतर इंग्रजी. घाबरू नका, ठरावीक वीस-पंचवीस शब्द शिकले की पानं वाचता येतात.

यात आपल्याला आवडेल अशी एक युक्ती आहे. १९०८ पासून लागू झालेल्या नियमानुसार, माणसाचं लग्न दुसऱ्या चर्चमध्ये झालं तरी ते त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात लिहायचं असतं. म्हणजे समासातली ती ओळ चक्क पॉइंटर झाली! एका रजिस्टरवरून दुसऱ्या गावच्या रजिस्टरवर नेणारी. म्हणून समास आधी वाचा.

कोणतं चर्च कोणाच्या अधिकारात होतं तेही पाहावं. वसईकडची बरीच चर्चेस १८८६ ते १९२८ दमणच्या धर्मप्रांतात होती, मग मुंबईकडे आली. वसईचा वेगळा धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला. त्यामुळे एखादा कागद वसईत नसला तर तो नष्ट झाला असं लगेच म्हणू नये. चर्चचं ऑफिस ही सार्वजनिक लायब्ररी नाही. आधी फादरना भेटा, कारण सांगा, परवानगीशिवाय फोटो काढू नका.

चौथा धडा : बाकीच्यांनी काय करावं?

रजिस्टर नाही म्हणून अडायचं कारण नाही. तहसील कचेरीतला गाव नमुना नंबर १४, म्हणजे कोतवाल बुक, यात जुने जन्म-मृत्यू सापडतात. शाळेचं जनरल रजिस्टर आहेच. कितीतरी आदिवासी घरांत शिकलेल्या पहिल्या पिढीचा पहिला कागद हाच असतो. मात्र तिथे जन्मतारीख १ जून दिसली तर जरा थांबा, ती गुरुजींनी दिलेली असू शकते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांच्या पिढ्या असतात. आणि जमिनीचे फेरफार विसरू नका. खातेदार मेला की वारसनोंद होते आणि बायकोचं नाव पहिल्यांदा कागदावर येतं ते बऱ्याचदा इथेच.

पाचवा धडा : नाव म्हणजे प्रायमरी की नव्हे

डेटाबेस शिकलेल्यांना हे सांगायला नको. एका गावात एकाच नावाचे चार जण असतात. वसईच्या रजिस्टरात तर तीच संतांची नावं आणि तीच आडनावं पुन्हा पुन्हा येतात. गावाच्या नावाचंही तसंच. माहीम दोन आहेत, एक मुंबईतलं आणि एक आपलं. शिवाय पूर्वी माहीम हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता, त्यामुळे शेजारच्या गावचा माणूसही 'माहीम, ठाणे' असा नोंदलेला असू शकतो. पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ चा, जुन्या कागदांत तो शोधून मिळणारच नाही.

म्हणून नियम एकच. नाव, वडिलांचं नाव, गाव आणि काळ या चारपैकी किमान तीन गोष्टी दोन वेगवेगळ्या कागदांत जुळल्या तरच माणूस आपला म्हणायचा. तोवर पेन्सिलने लिहायचं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. लढाईच्या कागदात शिपायाच्या आईचं नाव सहसा येत नाही, तिथे बाप आणि गाव. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई असते. वारसनोंदीत विधवा असते. एकेक कागद माणसाची एकच बाजू बघतो, पणजीचं नाव सापडतं ते कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर.

कागद उद्याही कपाटात असतील. पण तो वाचताना 'हो, हीच ती' असं सांगणारी आजी तेव्हा असेलच असं नाही. येत्या सुट्टीत वही तिच्यासाठी काढा.