ब्रँडेड दागिने : सोन्याची किंमत आणि नावाची किंमत

दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, गुरुपुष्य किंवा घरातील मंगलकार्य. निमित्त कोणतेही असो, भारतीय कुटुंबाची पावले सराफाकडे वळतातच. सोने हे स्त्रीधन आहे, अडीअडचणीचा आधार आहे आणि हौसही आहे. पूर्वी ही खरेदी घराण्याच्या ठरलेल्या सोनाराकडे होत असे. आज त्याच रस्त्यावर देशभर शाखा असलेली वातानुकूलित दालने उभी आहेत. तेथील दागिना देखणा असतो, पण त्याची घडणावळही अधिक असते. ही अधिक रक्कम देणे योग्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर भावनेपेक्षा हिशेबाने शोधणे हिताचे ठरेल.

नावाला मोल का आले?

सोन्याच्या व्यवहारातील मूळ अडचण अशी, की ग्राहकाला डोळ्यांनी सोन्याचा कस ओळखता येत नाही. सोनार कसोटीच्या दगडावर कस लावी आणि ग्राहक त्याच्या शब्दावर विश्वास ठेवी. बावीस कॅरेट म्हणून घेतलेला डाग पुढे मोडायला नेला, की तो वीस कॅरेटचा निघाल्याचे अनुभव अनेक कुटुंबांना येत. त्यामुळे ‘ज्याच्याकडून घेतले, त्याच्याकडेच मोडावे’ असा रिवाज पडला. ग्राहक एका पेढीशी बांधला गेला, तो पुष्कळदा प्रेमाने आणि काही वेळा नाइलाजाने.

१९९० च्या दशकात टाटा समूहातील टायटन कंपनीने ‘तनिष्क’ या नावाने दागिन्यांची विक्री सुरू केली. सोन्याची शुद्धता एक्स किरणांच्या साहाय्याने काही क्षणांत दाखविणारे यंत्र, म्हणजेच कॅरेटमीटर, तिने दालनात ठेवले. दागिना न वितळविता त्याचा कस ग्राहकाच्या डोळ्यांसमोर दिसू लागला. पुढे केरळमधील कल्याण, मलबार यांसारख्या पेढ्या देशभर पसरल्या. १८३२ मध्ये सांगलीत सुरू झालेल्या गाडगीळांच्या पेढीसारखी महाराष्ट्रातील जुनी नावेही आधुनिक दालनांच्या रूपाने विस्तारली. त्या काळात ग्राहक नावासाठी जे जादा पैसे मोजत होता, तो एका अर्थाने शुद्धतेच्या विम्याचा हप्ता होता.

हॉलमार्कने बदललेले चित्र

भारतीय मानक ब्युरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क योजना २००० मध्ये आणि चांदीसाठी २००५ मध्ये सुरू केली. आरंभी ती ऐच्छिक होती. २३ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला आणि नंतर टप्प्याटप्प्याने आणखी जिल्हे त्यात आले. १ एप्रिल २०२३ पासून या दागिन्यांवर सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी क्रमांक आवश्यक झाला. हा क्रमांक प्रत्येक नगाचा स्वतंत्र असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तो टाकल्यास दागिन्याचा प्रकार, त्याची शुद्धता, सराफ आणि तपासणी केंद्र यांची माहिती मिळते.

हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात : मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी. बावीस कॅरेटसाठी ९१६, अठरा कॅरेटसाठी ७५० आणि चौदा कॅरेटसाठी ५८५ हे आकडे असतात. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग शुद्ध सोने. या तपासणीचे शुल्क २०२२ मध्ये ठरलेल्या दरानुसार प्रति नग ४५ रुपये व त्यावरील कर एवढेच आहे. दागिना दोन ग्रॅमचा असो वा शंभर ग्रॅमचा, शुल्क तेच.

याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या शुद्धतेच्या हमीसाठी ग्राहक पूर्वी नावाला हजारो रुपये देत असे, तीच हमी आता गल्लीतील नोंदणीकृत सराफाकडेही नाममात्र शुल्कात मिळते. त्यामुळे ब्रँडेड दागिन्याच्या जादा किमतीचे समर्थन केवळ ‘सोने खात्रीचे असते’ एवढ्यावर आता करता येणार नाही.

एका बांगडीचे गणित

हिशेबाच्या सोयीसाठी बावीस कॅरेट सोन्याचा भाव १०,००० रुपये प्रति ग्रॅम धरू. प्रत्यक्ष भाव रोज बदलतो. परंतु प्रमाण तेच राहते. वीस ग्रॅमच्या साध्या बांगडीत सोन्याची किंमत २,००,००० रुपये होते.

एका स्थानिक सराफाने आठ टक्के घडणावळ लावली, तर १६,००० रुपये वाढतील. एकूण २,१६,००० रुपयांवर तीन टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ६,४८० रुपये. ग्राहकाने द्यावयाची रक्कम २,२२,४८० रुपये. तशाच बांगडीवर नामवंत दालनाने अठरा टक्के घडणावळ लावली, तर ३६,००० रुपये वाढतील. २,३६,००० रुपयांवर कर ७,०८० रुपये आणि एकूण २,४३,०८० रुपये. फरक २०,६०० रुपयांचा.

आता ही बांगडी मोडायची वेळ आली असे समजू. काहीही घट न धरता सोन्याचा पूर्ण भाव मिळाला, तरी दोन्ही बांगड्यांचे मोल सारखेच, २,००,००० रुपये. घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत. खरेदीची रक्कम भरून निघण्यासाठी पहिल्या बांगडीच्या बाबतीत सोन्याचा भाव सुमारे ११ टक्के, तर दुसऱ्या बांगडीच्या बाबतीत सुमारे २१.५ टक्के वाढावा लागेल.

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हीच बांगडी हॉलमार्कशिवाय बावीस कॅरेट म्हणून घेतली आणि ती वीस कॅरेटची निघाली, तर सोन्यात अकराव्या हिश्शाची तूट येते. म्हणजे सुमारे १८,००० रुपयांचे नुकसान. पूर्वी नावासाठी दिलेली जादा रक्कम व्यर्थ का वाटत नसे, ते यावरून कळते. हॉलमार्क नसलेले स्वस्त सोने पुष्कळदा सर्वांत महाग पडते.

बँकेच्या तराजूत नाव बसत नाही

दागिना तारण ठेवण्याची वेळ येते, तेव्हा हा फरक आणखी ठळक होतो. शेतीचा हंगाम, मुलांचे शिक्षण किंवा आजारपण यांसाठी ग्राहक बँकेत येतो, तेव्हा मूल्यांकन केवळ निव्वळ धातूचे होते. खडे, मोती, मीना, घडणावळ आणि पेढीचे नाव यांचे मूल्य शून्य धरले जाते.

रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने-चांदी तारण कर्जाबाबत निर्देश जारी केले. १ एप्रिल २०२६ पर्यंत त्यांची अंमलबजावणी करण्याची मुभा कर्जसंस्थांना देण्यात आली. त्यानुसार मागील तीस दिवसांच्या बंद भावांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव यांपैकी जो कमी, तो मूल्यांकनासाठी धरावयाचा आहे. उपभोगासाठीच्या कर्जात अडीच लाख रुपयांपर्यंत तारणमूल्याच्या ८५ टक्के, त्यापुढे पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून अधिक रकमेस ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. वरील दोन्ही बांगड्यांवर कर्ज मिळेल ते सारखेच, फार तर १,७०,००० रुपये. जादा दिलेले २०,६०० रुपये अडचणीच्या दिवशी उपयोगी पडत नाहीत.

चांदीची गोष्ट वेगळी

चांदीच्या ब्रँडेड दागिन्यांत हा फरक अधिक असतो, कारण ते पुष्कळदा वजनावर नव्हे, तर नगावर विकले जातात. चांदीचा भाव २०० रुपये प्रति ग्रॅम धरल्यास पाच ग्रॅमच्या ९२५ शुद्धतेच्या अंगठीत जेमतेम ९२५ रुपयांची चांदी असते. तिची छापील किंमत ३,००० रुपये असेल, तर दोन तृतीयांशांहून अधिक रक्कम कलाकुसर, मुलामा आणि नाव यांची झाली. अशा वस्तूकडे कपड्यांप्रमाणे हौसेची खरेदी म्हणूनच पाहावे. याउलट हुपरीसारख्या परंपरागत केंद्रांतील पैंजण वा जोडवी सामान्यतः वजनावर विकली जातात. तेथे शुद्धतेचा आकडा विचारून घेणे महत्त्वाचे. चांदीचा हॉलमार्क ऐच्छिक असून १ सप्टेंबर २०२५ पासून त्यासाठीही एचयूआयडीची सोय झाली आहे.

मग ब्रँडेड दागिना घ्यावा की नाही?

घेऊ नये असे मुळीच नाही. बदलीच्या नोकरीतील कुटुंबाला नाशिकला घेतलेला दागिना भोपाळ किंवा बंगळूरला त्याच कंपनीच्या दालनात बदलून घेता येणे ही मोठी सोय आहे. परतीच्या लेखी अटी, नियमित बिल आणि नव्या घडणीची विविधता यांनाही मोल आहे. आवडीचा आनंदही हिशेबाबाहेरचा नसतो. मात्र आपण कशासाठी पैसे देत आहोत, हे ठाऊक असावे. नित्य वापराच्या, नाजूक घडणीच्या दागिन्यासाठी जादा घडणावळ समजण्यासारखी आहे. मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे सोने साठवणाऱ्याने मात्र साधे वळे, वेढणी किंवा कमी घडणावळीचे दागिने घेणे श्रेयस्कर.

खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात :

१. तिन्ही खुणा भिंगातून पाहाव्यात आणि एचयूआयडी अ‍ॅपवर तपासावा. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे दागिने तसेच कुंदन, पोलकी व जडाऊ काम यांना सक्तीतून सूट आहे. तेथे अधिक दक्षता घ्यावी.

२. बिलात निव्वळ सोन्याचे वजन, शुद्धता, घडणावळ आणि हॉलमार्क शुल्क स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. खड्यांचे वजन सोन्याच्या भावाने मोजले जाणार नाही, हे पाहावे.

३. घडणावळ टक्क्यांत आहे की प्रति ग्रॅम, त्यात ‘घट’ वेगळी लावली आहे काय, हे विचारावे. घडणावळीवरील सवलत जाहीर झाली असेल, तर त्या दिवशीचा सोन्याचा भाव इतर पेढ्यांच्या भावाशी ताडून पाहावा.

४. बदलून घेताना आणि रोख परत घेताना किती रक्कम कापली जाईल, ते लेखी घ्यावे. या दोन दरांत अनेकदा अंतर असते.

५. शंका आल्यास मान्यताप्राप्त केंद्रात स्वतः दागिना तपासून घ्यावा. चार नगांपर्यंत त्याचे शुल्क २०० रुपये आहे. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाल्यास तुटीच्या दुप्पट रक्कम व तपासणी खर्च मिळण्याची तरतूद २०१८ च्या नियमांत आहे. त्यासाठी बिल जपून ठेवणे अगत्याचे.

सोन्याचा कस लावणे आज ग्राहकाच्या हाती आले आहे. आपल्या गरजेचा कसही त्याने स्वतःच लावला, तर दालन मोठे असो वा लहान, व्यवहार चोखच होईल.