बाळाचे दात दाखवू या

बाळाला साधारण ६ व्या महिन्यात पहिला दात येतो. अडीच-तीन वर्षांचे होईपर्यंत सगळे २० दात येतात. हे दुधाचे दात.

पुष्कळ जण म्हणतात, "दुधाचे दात पडायचेच आहेत. ते कशाला दाखवायचे?"

पण पाहा. पुढचे दात ६-७ व्या वर्षी पडू लागतात. दाढा मात्र १०-१२ वर्षांपर्यंत राहतात. तोवर मूल त्यांनीच भाकरी चावते. दाढ किडली, की पोर धड जेवत नाही, रात्री झोपत नाही. दाढ लवकर काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. मग पक्का दात वाकडा येऊ शकतो.

म्हणून दुखायची वाट पाहू नये. बाळ वर्षाचे होईपर्यंत दात एकदा डॉक्टरांना दाखवावे. राहून गेले असेल, तर आता दाखवावे. दुखत नसताना गेलो, तर डॉक्टर बहुधा नुसते पाहतात. मुलाची त्यांच्याशी ओळख होते. ठणकणारी दाढ घेऊन पहिल्यांदा गेलो, तर मुलाच्या मनात भीती बसते. ती लवकर जात नाही.

दातांचे डॉक्टर जवळ कुठे आहेत, ते आशाताईंना विचारावे.

जाण्याआधी घरी एक खेळ खेळू या. मुलाला मांडीवर आडवे घ्यावे. "आ कर" म्हणून त्याचे दात मोजावेत. मग त्याला आपले दात मोजू द्यावेत.

"रडलास तर डॉक्टर सुई टोचतील," असे आपण सहज बोलून जातो. हे बोलणे सोडू या. "मुळीच दुखणार नाही," असेही म्हणू नये. मूल मग दुखण्याचाच विचार करते. "डॉक्टर दिव्याने तोंडात बघतील, दात मोजतील," एवढेच सांगावे. आपली दाढ कशी उपटली, ती गोष्ट मुलापुढे काढू नये.

शक्यतो सकाळी जावे. मुलाची झोप झालेली असावी, पोट भरलेले असावे. तिथे त्याला आपल्याच मांडीवर घ्यावे. रडले तर रागावू नये. लहान मूल रडायचेच. तपासून झाले, की "शाबास" म्हणावे. बक्षीस द्यायचे तर चेंडू द्यावा, चॉकलेट नको.

मूल आपल्या चेहऱ्याकडे पाहत असते. आपण घाबरलो, तर ते घाबरते. आपण धीराने गेलो, तर त्यालाही धीर येतो.