बंद झालेल्या सायकलींच्या पोलादी फ्रेम : उपलब्धता आणि चाल

आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत जुन्या घराच्या पडवीत किंवा गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली एखादी काळी सायकल हमखास दिसते. टायर कुजलेले, सीटचे कातडे उंदरांनी खाल्लेले, पण फ्रेम मात्र सरळ व शाबूत. घरातली वडीलधारी माणसे तिच्याकडे बोट दाखवून म्हणतात, "या सायकलीची चाल आताच्या सायकलींना नाही." हे म्हणणे कितपत खरे आहे आणि अशा फ्रेम आज कोठे मिळू शकतात, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

थोडा इतिहास

आजच्या सायकलीचा मूळ आकार १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी काढलेल्या 'रोव्हर' सायकलीत सापडतो. जवळजवळ सारखी दोन चाके आणि साखळीने फिरणारे मागचे चाक, ही तिची वैशिष्ट्ये. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्यानंतरच्या काही वर्षांत नळ्यांच्या दोन त्रिकोणांची फ्रेम रूढ झाली आणि ती आजतागायत टिकून आहे.

आपल्याकडे प्रथम विलायती सायकली येत. पुढे मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना उभा राहिला. बंगालमध्ये आसनसोलजवळ नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या सहकार्याने सेन-रॅले कंपनी निघाली. १९४९ मध्ये मद्रासकडे टी. आय. सायकल्सची स्थापना झाली आणि हर्क्युलिस, बी. एस. ए., फिलिप्स ही नावे घरोघर गेली. सोनिपतची अ‍ॅटलस १९५१ ची आणि लुधियानाची हीरो १९५६ ची.

यांपैकी हिंद आणि सेन-रॅले हे दोन्ही कारखाने तोट्यात गेल्यामुळे सरकारने १९८० साली एकाच कायद्याने त्यांचे राष्ट्रीयीकरण केले. तरीही ते सावरले नाहीत व अखेर बंद पडले. अ‍ॅटलसच्या साहिबाबाद येथील कारखान्यातले काम ३ जून २०२० रोजी थांबले, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता. उंच काळी सायकल आजही काही कारखाने तयार करतात. परंतु हिंद किंवा सेन-रॅले यांच्या फ्रेम आता नव्याने निघणार नाहीत. आहेत तेवढ्याच.

फ्रेमची घडण

या फ्रेमच्या नळ्या एकमेकींना थेट जोडलेल्या नसतात. प्रत्येक मुख्य सांध्यावर एक पोलादी बाही असते. तिला कारागीर 'लग' म्हणतात. नळी लगमध्ये घालून सांधा तापवतात आणि वितळलेले पितळ आत सोडतात. पितळ सुमारे नऊशे अंश सेल्सिअसला वितळते, तर पोलादाला वितळण्यासाठी दीड हजारांच्या आसपास उष्णता लागते. त्यामुळे नळी न वितळता सांधा पक्का होतो. याचा दुसरा फायदा असा की, पुढे नळी मोडली तर तोच सांधा तापवून ती काढता येते व नवी बसवता येते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला तडा गेल्यास तिची दुरुस्ती आपल्याकडच्या साध्या दुकानात होत नाही.

पोलादाचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. ठरावीक मर्यादेच्या आतला ताण पोलाद कितीही वेळा सोसू शकते. अ‍ॅल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही. लहान लहान ताणांनीही ते कालांतराने थकते. दुधाचे कॅन, कडब्याच्या पेंढ्या, डबलसीट बसलेला पाहुणा, एवढे सगळे तीसतीस वर्षे वाहून या फ्रेम का टिकल्या, याचे उत्तर येथे आहे.

चाल कशामुळे येते ?

आता मुख्य प्रश्न. पोलाद लवचिक असते, म्हणून जुनी सायकल धक्के कमी देते, असे पुष्कळांचे मत आहे. ते पूर्णपणे बरोबर नाही. फ्रेम हे दोन त्रिकोण आहेत, आणि बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही. म्हणून खालून येणाऱ्या धक्क्याने फ्रेम फारशी लवतच नाही. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली '५३१' या नावाच्या पातळ व हलक्या नळ्या काढल्या. त्या शर्यतीच्या सायकलींसाठी नावाजल्या. आपल्या काळ्या सायकलींच्या नळ्या मात्र साध्या पोलादाच्या व जाड आहेत. '५३१' चे श्रेय त्यांना देता येणार नाही.

मग चाल येते कोठून ? माझ्या मते चार गोष्टींतून. पहिली, पुढच्या नळीचा कल. शर्यतीच्या सायकलीत ही नळी जमिनीशी सुमारे ७३ अंशांचा कोन करते, तर काळ्या सायकलीत ६७-६८ अंशांचा. शिवाय चिमटा पुढे चांगला वळवलेला असतो आणि तो थोडा लवतोही. दुसरी, दोन चाकांतले जास्त अंतर. त्यामुळे खड्ड्यातही हँडल डुगडुगत नाही. तिसरी, दीड इंच रुंदीचा मोठा टायर. चौथी, स्प्रिंगची कातडी सीट.

हे पडताळण्यासाठी मी घरच्या २४ इंची सेन-रॅले सायकलीवर, गावापासून फाट्यापर्यंतच्या खडीच्या रस्त्यावर तीन फेऱ्या केल्या. टायर कडक भरल्यावर मनगटांना चांगलेच हादरे बसले. थोडी हवा कमी केल्यावर तीच सायकल मऊ चालली. तिसऱ्या फेरीत स्प्रिंगची सीट काढून शेजाऱ्यांच्या नव्या सायकलीची फोमची सीट बसवली, तेव्हा कंबरेला प्रत्येक खडा जाणवला. तिन्ही वेळा फ्रेम एकच होती. यावरून एवढे म्हणता येईल की, मऊपणा हवेत आणि सीटमध्ये आहे. फ्रेमचा गुण स्थिरपणात आणि टिकाऊपणात आहे.

जुन्याचे कौतुक करताना तिचे दोषही लपवू नयेत. सायकल वीस किलोच्या आसपास भरते आणि चढावर दम काढते. पावसात रिम ओली झाली की दांडीचे ब्रेक नीट लागत नाहीत. २४ इंची फ्रेम बुटक्या माणसाला उंच पडते. आणि मधल्या आडव्या नळीमुळे साडी नेसणाऱ्या स्त्रीला ती जवळजवळ बंदच होती. आमच्या घरात दोन पिढ्या सायकल होती, परंतु आजी किंवा आई तीवर कधी बसल्या नाहीत.

आज कोठे मिळतात ?

दुकानात या फ्रेम मागून उपयोग नाही. त्या मिळतात त्या खेड्यातल्या घरांत, सायकल दुरुस्तीच्या दुकानांच्या मागच्या अंगाला आणि भंगाराच्या गाड्यावर. मोटारसायकल आल्यावर घरातली सायकल अडगळ होते, आणि भंगारवाला ती किलोच्या भावाने नेतो. त्याच्या तराजूत हिंद, रॅले आणि गंजलेला पत्रा यांचे मोल एकच. एकदा नळ्या कापल्या गेल्या की संपले.

समाधानाची बाब ही की, २८ इंची चाकांच्या काळ्या सायकली अजून बनत असल्याने टायर, ट्यूब, रिम, आरे व चेन मिळतात आणि जुन्या फ्रेमला बसतातही. फक्त इंग्लंडात बनलेल्या रॅलेबाबत सावध राहावे. त्या कारखान्याच्या बऱ्याच फ्रेममध्ये पायडलच्या धुरीच्या कपांना इंचाला २६ आटे असत, तर इतरांच्यात २४. चुकीचा कप जोराने बसवला तर फ्रेमचे आटे कायमचे जातात.

फ्रेम घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. मागून पाहिले असता दोन्ही चाके एका रेषेत दिसावीत. पुढच्या लगच्या मागे, वरच्या व खालच्या नळीच्या अंगाला रंग सुरकुतला असल्यास सायकल कधीतरी समोरून धडकली आहे असे समजावे. नळीवर नाण्याने हलके वाजवावे. स्वच्छ आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आतून गंज असण्याचा संभव. सीटची दांडी हलते की गंजून धरली आहे, हेही पाहावे. वरवरच्या गंजाला भिऊ नये.

समारोप

आपल्या नगर शहरात रणगाड्यांचे मोठे संग्रहालय आहे. पुण्यात कर्वेनगरला श्री. विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभारले आहे. या गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु सायकल ही काचेमागे ठेवण्यापेक्षा रस्त्यावर ठेवण्याची वस्तू आहे. वडिलांनी ज्या सायकलीवरून वीस वर्षे डेअरीला दूध घातले, त्याच सायकलीने मी आज फाटा गाठतो व तेथून एस.टी. पकडून महाविद्यालयात येतो. मागच्या वर्षी भंगारवाल्याने तिची किंमत केली, तेव्हा घरात दोन दिवस चर्चा झाली. ती विकली असती तर पहिल्या तासिकेला माझी हजेरी लागली नसती. कारण गावातून सकाळी एस.टी. नाही, आणि फाटा चार किलोमीटर आहे.

असे फाटे या जिल्ह्यात शेकडो असतील, आणि तेथपर्यंत पायी येणारी मुले-मुलीही. म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात श्रमदानाबरोबर गावातल्या पडून असलेल्या सायकलींची यादी करावी. कोणत्या घरी कोणती फ्रेम आहे, किती इंची आहे, सरळ आहे की वाकलेली, एवढे लिहिले तरी पुरे. २२ इंची सरळ फ्रेम आणि तिची गरज असलेला विद्यार्थी बहुधा एकाच गावात निघतील. टायर, ट्यूब, चेन आणि ओव्हरहॉलिंग एवढ्यावर ती पुन्हा रस्त्याला लागेल. आडव्या नळीची अडचण ज्यांना आहे, अशा मुलींसाठी लेडीज फ्रेमची यादी वेगळी करावी. अशा फ्रेम थोड्या असतील, म्हणूनच त्या आधी शोधाव्यात.

— द्वितीय वर्ष कला