नदीचा शिंपला टाकीत ठेवताना

साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा, कराडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा, अशा नद्या कृष्णेला येऊन मिळतात. कृष्णेच्या काठच्या वाळूत व गाळात काळपट शिंपले अर्धे रुतून बसलेले असतात. त्यांतील एका जातीचे शास्त्रीय नाव लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस असे आहे. हा प्राणी वर्गातील काचेच्या टाकीत आठवडाभर ठेवून त्याचे निरीक्षण करता येते. मात्र तो दगडासारखा निश्चल दिसतो, म्हणून त्याची उपासमार आपल्या लक्षातच येत नाही.

लक्षद्वीपच्या प्रवाळखडकांवरील मोठ्या शिंपल्यांच्या मांसल भागात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील वाटा शिंपल्याला मिळतो. म्हणून त्यांची जागा ठरवताना प्रथम प्रकाशाचा विचार करावा लागतो. आपल्या नदीच्या शिंपल्याला असा सोबती नाही. तो पाणी आत घेतो, कल्ल्यांवर त्यातील शैवाल व सूक्ष्म कण गाळतो आणि उरलेले पाणी बाहेर सोडतो. त्याला हवी मऊ वाळू आणि अन्नकण असलेले पाणी.

टाकीच्या तळाशी धुतलेल्या बारीक वाळूचा 8 ते 10 सेंटिमीटर थर द्यावा. पाणी शक्यतो नदीचेच घ्यावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते रुंद भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. टाकी कडक उन्हात ठेवू नये. शिंपला आणलेल्या पाण्यासह पिशवीत घालून ती पिशवी अर्धा तास टाकीत तरंगू द्यावी, म्हणजे दोन्हींचे तापमान सारखे होते.

आता शिंपला वाळूवर आडवा ठेवा आणि हात काढून घ्या. तो हाताने वाळूत खोचू नका. कोणते टोक खाली जायचे हे त्याला कळते! काही वेळाने झडपांमधून पांढुरका, जिभेसारखा पाय बाहेर येईल. तो वाळूत शिरतो, टोकाशी फुगून घट्ट रुततो व मग आखडून शिंपल्याला खाली ओढतो. पाणी आत-बाहेर करणारे मागचे टोक वाळूच्या वर राहते.

करून पाहा : हिरवट तळ्याचे पाणी दोन सारख्या बरण्यांत घ्या. एकीत शिंपला ठेवा, दुसरी तशीच राहू द्या. काही तासांनी दोन्हींची तुलना करा. शिंपल्याच्या बरणीतील पाणी निवळलेले दिसेल. याचाच दुसरा अर्थ असा, की तेथील अन्न संपत आले! म्हणून टाकीत रोज थोडे हिरवट पाणी घालावे. स्वच्छ, चकचकीत टाकीत शिंपला हळूहळू उपाशी मरतो.

शिंपला जिवंत असेल तर स्पर्श होताच झडपा मिटतो. झडपा उघड्याच राहिल्या व दुर्गंधी आली, तर तो मेला असे समजावे व त्वरित काढावा. नाहीतर पाणी कुजून इतर प्राणीही मरतात. माशांसाठीची तांबेयुक्त औषधे त्याला विषारी असतात.

सूचना : सांगली जिल्ह्यात भिलवडी-औदुंबर परिसरात कृष्णेत मगरी आहेत. स्वतः पाण्यात उतरू नका. शिक्षकांमार्फत मासेमारी करणाऱ्यांकडून एकच शिंपला मिळवा. आठवड्यानंतर तो जेथून आणला तेथेच सोडण्यास द्या.

तो परत जाणे का महत्त्वाचे? त्याची सूक्ष्म पिल्ले काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात आणि मग तळाशी उतरतात. टाकीत हे चक्र सहसा पुरे होत नाही. नदीत मासे उरले नाहीत, तर शिंपल्यांची पुढची पिढीही उरणार नाही. मग पाणी गाळण्याचे त्यांचे काम कोण करील? वर्गात याची चर्चा करा.