धडा : घरात काय आहे ते प्रथम पाहा
वाचन : २ राजे ४:१-७

सावकार विधवेचे दोन पुत्र दास करून नेणार होता. अलीशाने तिला प्रथम घरात काय आहे ते विचारले. मग तेल विकून ऋण फेडण्यास व उरेल त्यावर निर्वाह करण्यास सांगितले. हाच क्रम आपणांसही लागू आहे.

होटगीकडील शाळू वर्षातून एकदाच घरी येतो, खर्च मात्र बाराही महिने चालतो. म्हणून मधल्या काळात कर्ज होते. दरमहा शेकडा ५ दराने काढलेल्या १०,००० रुपयांवर वर्षाचे व्याज ६,००० होते, आणि मुद्दल जसेच्या तसे राहते. याकरिता वहीत चार रकाने आखावेत : मिळकत, घरखर्च, देणे व व्याजाचा दर. ज्याचे व्याज जबर, ते देणे आधी फेडावे.

हे एकट्यास न साधल्यास साह्य मागण्यास लाजू नये. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. तिच्या जोडीची माणदेशी फाउंडेशन ही सेवासंस्था ग्रामीण स्त्रियांस बचत व हिशेब शिकविते. त्या विधवेनेही भांडी शेजाऱ्यांकडूनच मागून आणली होती.

विचारार्थ प्रश्न : आपल्या घरचे एकूण देणे किती, हे पतिपत्नी दोघांसही ठाऊक आहे काय?